बायकोसाठी घेतलेली रायफल

टायनी गिलख्रिस्टच्या उजव्या भुवईवर एक चंद्रकोर होती. ओटाहू गावच्या शिकारी क्लबात अशी कोर नसलेला पुरुष शोधूनही सापडला नसता. मोठ्या गोळीची रायफल उडवताना डोळा तिच्यावरच्या दुर्बिणीच्या फार जवळ गेला, की रायफल धडकन मागं येते आणि दुर्बिणीची कड कपाळावर सही करून जाते. इतर ठिकाणी याला जखम म्हणत असतील. ओटाहूत त्याला बाप्तिस्मा म्हणत, आणि ज्याच्या कपाळावर सही झाली त्यानं त्या दिवशी सगळ्यांना बिअर पाजायची असा रिवाज होता.

टायनी म्हणजे चिमुकला. हे नाव त्याला थट्टेनंच पडलं होतं, कारण तो सहा फूट चार इंच उंच होता आणि प्रत्येक दाराच्या चौकटीला मान लववून आत शिरायचा. सारी हयात त्यानं मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवली होती. माजलेला मेंढा तो उशीसारखा काखेत मारायचा. असा माणूस कशाला घाबरत असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं.

टायनी आपल्या रायफलीला घाबरायचा.

रायफल होती थ्री-हंड्रेड मॅग्नम. ती त्यानं डूगल मॅकॅस्किलच्या सांगण्यावरून घेतली होती. डूगल त्यांच्या टोळीचा म्होरक्या. त्याच्या कपाळावर एक सोडून दोन कोरी होत्या, एकीवर एक, त्यामुळे त्याला अनुभवी मानत. डूगलचं तत्त्वज्ञान सोपं होतं. "डोंगरातलं लाल हरीण दांडगं असतं, गड्या. तू मेलास, हे त्याला सांगावं लागतं. हळू सांगितलं तर त्याला ऐकू जात नाही."

मॅग्नम मोठ्यानंच सांगायची. अडचण एवढीच, की ती हरणाला सांगायच्या आधी टायनीच्या खांद्याला सांगायची. पहिल्या वर्षी खांदा जांभळा झाला, दुसऱ्या वर्षी भुवई फुटली, आणि त्यानंतर त्याचं शरीर शहाणं झालं. बोट चापावर आलं, की डोळे आपोआप मिटत, खांदा कानाला भिडे, आणि रायफलीची नळी जमिनीकडे किंवा आभाळाकडे, जिकडे तिला वाटेल तिकडे वळे. गेल्या तीन हंगामांत टायनीनं बीचच्या झाडाची एक फांदी, खुद्द डोंगर अनेकदा, आणि 'येथे शिकारीस परवानगी आहे' ही सरकारी पाटी एवढ्या गोष्टी मारल्या होत्या. दुर्बीण सरकली असेल, असं तो म्हणायचा. मित्र मान डोलवायचे.

तकितिमू डोंगराच्या पोटात, ओढ्याच्या वरच्या अंगाला क्लबाची एक झोपडी त्यांच्याकडे होती. आत चार खाटा. एप्रिलात नर हरणं माजावर येतात आणि साऱ्या रानात हंबरत फिरतात. त्या आठवड्यात डूगल, हेमी, आर्ची आणि टायनी तिथं मुक्कामाला जायचे. दाराजवळची चौथी खाट टायनीची. तिच्या फळीवर त्यानं ऐन तारुण्यात चाकूनं आपलं नाव कोरलं होतं, आणि पाय बाहेर राहतात म्हणून पायथ्याशी एक पेटी ठोकली होती. झोपडीचा नियम एकच: ज्याला हरीण मिळत नाही, त्यानं भांडी घासायची.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी टायनी तवा घासत असताना डूगल शेजारी येऊन उभा राहिला होता.

"टायनी, तू भांडी फार झकास घासतोस."

"राखेनं घासतो," टायनी म्हणाला.

"पण लेका, खाट शिकाऱ्याची असते. पुढच्या खेपेलाही रिकाम्या हातानं उतरलास, तर त्यानंतर ती माझ्या जावयाला देईन म्हणतो. वाईट वाटून घेऊ नको."

"छे, वाईट कसलं त्यात!" टायनी म्हणाला, आणि घरी येऊन त्यानं पुढच्या दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी लाकडं फोडली.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो मेरेआना पाकीच्या दुकानात शिरला. दुकान पेट्रोल पंपाच्या मागं होतं. एका भिंतीवर रायफली, दुसऱ्या भिंतीवर गमबूट, आणि मध्ये कोबीची रोपं. मेरेआना क्लबाची अध्यक्षही होती. एकही कोर नसलेली ओटाहूतली ती एकमेव शिकारी, त्यामुळे पुरुष तिला जरा कच्ची समजत.

"बोल, टायनी."

"माझ्यासाठी नकोय," टायनी म्हणाला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"नोएलीनसाठी हवंय. माझ्या बायकोसाठी."

"नोएलीन तुझी बायको आहे हे ठाऊक आहे मला. तुमच्या लग्नातला पाव्हलोवा केक अजून आठवतो."

"तिला शिकारीला यायचंय. खांदा नाजूक आहे तिचा. कमी धक्क्याचं काही असेल, तर…"

मेरेआनानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागं ठेवली. चेहरा अगदी चर्चमधल्यासारखा. मग तिनं खणातून चार काडतुसं काढली आणि सोनारानं दागिने मांडावेत तशी एका कापडावर ओळीनं मांडली.

"हे तीनशे आठ. माणूस चांगला, पण बोलताना पाठीत थाप मारतो. हे सात-शून्य-आठ. याचाच धाकटा भाऊ, जरा सौम्य. हे साडेसहा, हल्लीच्या पोरांचं लाडकं. आणि हे दोनशे त्रेचाळीस."

टायनी वाकून बघू लागला. दोनशे त्रेचाळीस त्याच्या अंगठ्याशेजारी एखाद्या लहान मुलीसारखं उभं होतं.

"डूगल म्हणतो, ही सशांची गोळी."

"डूगल पुष्कळ म्हणतो." मेरेआनाला एकाएकी खोकला आला. तो आवरून ती म्हणाली, "गोळी जागेवर लागली, तर यानं तकितिमूतला कुठलाही नर आडवा होतो. भलतीकडे लागली, तर मॅग्नमनंही काही होत नाही, नुसता आवाज होतो. आता नीट ऐक. बायका हलकी रायफल मागतात आणि फसतात. रायफल हलकी, की लाथ जोरात. म्हणून जरा जडच देते. पुढं सायलेन्सर लावते, मागं रबराची गादी. मग लाथ कसली? मांजर खांद्याला अंग घासून गेल्यासारखं वाटेल."

"मांजर?" टायनीनं विचारलं.

"चालेल ना नोएलीनला मांजर?"

"नोएलीनला मांजरं फार आवडतात," टायनी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग ठरलं. आता मागचा, खांद्याला टेकायचा दस्ता कापते."

"दस्ता?"

"इतका लांब दस्ता तिला कसा बसेल? आम्ही चर्चच्या गाण्याला एकाच पुस्तकातून गातो, तिच्या हाताचं माप मला पाठ आहे. चांगला चार बोटं कापावा लागेल."

"कापू नको!"

"का रे?"

टायनीनं कोबीच्या रोपांकडे पाहिलं. "ती… वाढेल," तो म्हणाला.

"साठाव्या वर्षी?"

दस्ता कापला गेला.

त्या दुपारी टायनी मेंढवाड्यामागच्या घळीत गेला. बरोबर फक्त टॉफी, त्याची कुत्री. समोरच्या बांधावर त्यानं मायलोच्या चॉकलेट पावडरीचा रिकामा डबा ठेवला आणि गवतावर आडवा झाला. रायफल इतकी आखूड झाली होती, की तिला खांदा लावायचा म्हणजे बालवाडीच्या बाकावर बसण्यातली गत. कोपर पोटात गेलं, मान दुमडली, गुडघा कुठल्या कुठं गेला. त्यानं दात आवळले, श्वास धरला, आयुष्यातल्या सगळ्या दणक्यांची आठवण केली आणि चाप ओढला.

फट्.

खांद्याला मांजर घासून गेलं.

टायनी तसाच पडून राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला डबा दिसतोय. आणखी एक गोळी झाडली. या खेपेला त्यानं डब्याला उडी मारताना पाहिलं. पत्र्यावर भोक पडताना पाहिलं. भोकातून पलीकडचं गवत पाहिलं. इतकी वर्षं तो बंदूक उडवत होता, पण बंदूक उडवल्यावर पुढं काय घडतं, हे बघायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. तो उठला, टॉफीचे पुढचे दोन पाय हातात घेतले आणि तिच्याबरोबर घळीत नाचला. टॉफीला कारण कळलं नाही, पण ती मनापासून नाचली.

नंतर त्यानं रायफल लोकरीच्या गठ्ठ्यांमागं लपवली. बेत साधा होता. एप्रिलात ती मॅग्नमच्या लांब म्यानात घालून डोंगरात न्यायची, आणि एकटं गाठून हरीण मारायचं. आवाज लहान आला असं कुणी म्हणालं, तर वाऱ्यावर ढकलायचं.

या बेताचा निकाल क्लबाच्या बैठकीत लागला. चीज रोल फिरून झाल्यावर मेरेआना उभी राहिली.

"यंदाच्या नेमबाजीच्या दिवशी नवी स्पर्धा ठेवू या. बायकांची." ती हसतमुखानं सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाली. "यंदा आपल्या बऱ्याच सभासदांनी बायकोसाठी कमी धक्क्याची रायफल घेतली आहे. नावं सांगत नाही, नवऱ्यांना लाजवायचं नाही मला. पण इतके प्रेमळ नवरे अख्ख्या साउथलंडात नसतील. जी जिंकेल, तिला एप्रिलात क्लबाच्या कुठल्याही झोपडीत एक खाट."

टायनी खुर्चीत जमेल तितका खाली सरकला. बरेच सभासद? हे मेरेआनाचं चांगुलपण, दुसरं काय! आपल्या एकट्याची अब्रू झाकायला ती बिचारी 'बरेच' म्हणते आहे. पण मित्रांना कळलं असावं, कारण कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. हेमी छताच्या तुळया मोजत होता. आर्ची आपला खाली पडलेला चीज रोल उचलत नव्हता. डूगल तेवढा गरजला, "खाट? बाईमाणसाला? रानात?"

"का रे डूगल? तुझ्या बायकोला, जीनला नकोय का?" मेरेआनानं गोड आवाजात विचारलं.

डूगल खाली बसला. विरोधात एकही हात वर झाला नाही.

घरी नोएलीन जर्दाळू शिजवून बरण्यांत भरत होती. टायनी रायफल पाठीमागं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"नोएलीन, मी तुझ्यासाठी एक वस्तू आणली आहे."

तिनं पळी खाली ठेवली. "काय मोडलंस?"

"काही नाही. भेट आहे."

"भेट? चाळिसाव्या वाढदिवसाला तू मला ढकलगाडी दिली होतीस, टायनी. पन्नासाव्याला व्हॅक्यूम क्लीनर."

"ढकलगाडी चांगली होती."

"आहे अजून. शेणखत वाहते."

त्यानं रायफल पुढं केली. नोएलीननं हात पुसले, ती घेतली आणि खांद्याला लावली. अंगच्या मापानं शिवलेल्या पोलक्यासारखी ती बसली.

"माझ्या मापाची?"

"तुझ्याच मापाची," टायनी म्हणाला. आणि हे सोळा आणे खरं होतं, तीच तर पंचाईत होती.

त्यानं तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं त्यानं ठरवलंच होतं. पण नोएलीननं टाचा उंचावून त्याच्या हनुवटीचा मुका घेतला आणि जर्दाळूच्या पाकानं त्याची दाढी चिकट झाली. अशा वेळी माणसानं काय सांगावं?

परवाना टायनीचा होता, म्हणून तो शेजारी बसायचा आणि नोएलीन घळीत नेम धरायची. पहिल्या दिवशी तिनं मायलोचा डबा मारला. पुढच्या आठवड्यात डब्याचं झाकण मारलं. मग झाकण उडवून ते खाली पडायच्या आत हसायला लागायची.

"जरा मला बघू?" टायनी हळूच म्हणायचा.

"तुला कशाला? तुझी मॅग्नम आहे की. ही तुला खेळण्यासारखी वाटेल."

"खेळायलाच मागतोय."

"दस्ता मोडशील," ती म्हणायची, आणि रायफल म्यानात घालायची. हल्ली तिचे फोनही वाढले होते. गाण्यातल्या मैत्रिणींशी ती तासन्‌तास खिदळायची आणि टायनी आत आला, की एकदम हवामानावर बोलायला लागायची.

मार्चमध्ये नेमबाजीचा दिवस उजाडला. वायाऊ नदीच्या काठी सगळे जमले. एका बाजूला सॉसेज परतली जात होती, दुसऱ्या बाजूला बायका म्यानं घेऊन गवतावर बसल्या होत्या.

"आधी पुरुषांचा एक जुना खेळ," मेरेआना म्हणाली. "मुकं काडतूस. बऱ्याच वर्षांत खेळलो नाही. तुम्ही पाठ फिरवायची, रायफल मी भरणार. कधी खरं काडतूस, कधी दारू नसलेलं. कुठलं भरलंय ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही फक्त नेम धरून चाप ओढायचा."

"पोरखेळ आहे," डूगल म्हणाला, आणि सगळ्यांत आधी चटईवर आडवा झाला. "बघा रे, मॅग्नम कशी धरतात. मनगट सैल. श्वास अर्धा. आणि रायफलीला कळलं पाहिजे, की मालक कोण…"

टिच्.

रायफल एवढंच म्हणाली. आवाज नाही, धूर नाही, दणका नाही. पण डूगल उडाला. त्याचे डोळे गच्च मिटले, खांदा कानाला भिडला, नळी चटईत घुसली आणि गडी बुटांसकट वीतभर मागं सरकला, जणू अदृश्य घोड्यानं लाथ घातली.

डूगलनं चटईतून नळी उपसली.

"वारा होता," डूगल म्हणाला.

"हेमी, तू ये," मेरेआना म्हणाली.

हेमी टिच्‌ला दचकून बाजूच्या चटईवर गेला. आर्चीनं टिच् होण्याच्या आधीच किंकाळी फोडली. मग टायनीची पाळी आली. देवा, खरं भर, खरं भर, असं मनात म्हणत तो आडवा झाला. टिच्. सहा फूट चार इंचांचा तो देह माशासारखा हवेत गेला आणि आपटला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मोहरीची बाटली पडली.

टायनी तोंड चटईत खुपसून पडून राहिला. संपलं. खाट गेली, अब्रू गेली, आता क्लबात तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात मागून आवाज आला. किटलीचं झाकण थडथडावं, तसा. नोएलीन हसत होती. तिच्या पाठोपाठ जीन, मग सगळ्याच. हसता हसता बायकांनी म्यानं उघडली.

टायनीनं मान वळवून पाहिलं. जीनच्या हातात दोनशे त्रेचाळीस, पुढं सायलेन्सर, मागं रबराची गादी. हेमीच्या बायकोच्या हातात सात-शून्य-आठ. आर्चीच्या बायकोच्या हातात पुन्हा दोनशे त्रेचाळीस. सगळ्यांचे दस्ते आखूड कापलेले.

"डूगल?" टायनी म्हणाला.

"जीनचा खांदा नाजूक आहे," डूगल चटईकडे बघत म्हणाला.

"नाजूक!" जीन ओरडली. "मेल्या, गेल्या आठवड्यात वासरू खांद्यावर घालून ओढा कोण ओलांडला? मला म्हणे भेट! मी नोएलीनला फोन केला, की बाई, माझा नवरा मला फसवतोय की काय, भेटी आणायला लागलाय. तर ती म्हणते, माझाही!"

"मग आम्ही सगळ्या मिळून मेरेआनाकडे गेलो," नोएलीन डोळे पुसत म्हणाली.

"मी कुणाचं नाव सांगितलं नाही," मेरेआना म्हणाली. "यांनीच ओळखलं."

हेमीला आधी हसू फुटलं. मग आर्ची खांदे हलवत हसू लागला. "माझे डोळे तर सत्त्याऐंशीपासून मिटलेत," तो म्हणाला. "तरी दोन हरणं मारली. कशी, ते त्या हरणांनाच ठाऊक." त्यावर डूगलसुद्धा हसला, इतका, की त्याला सॉसेजच्या टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मग कोण किती वर्षं घाबरत होता, यावरच फुशारक्या सुरू झाल्या. टायनी तीन हंगामांवर तिसरा आला आणि त्याला जरा वाईटही वाटलं.

बायकांची स्पर्धा नोएलीननं जिंकली.

"कुठल्या झोपडीतली खाट?" मेरेआनानं विचारलं.

"तकितिमूची. दाराजवळची. पायाशी पेटी असलेली."

टायनीचं हसू गोठलं. "ती माझी आहे."

"होय, वाचलंय मी फळीवर. तू खाली झोप."

"आणि माझा शब्द कायम आहे हां," डूगल डोळे पुसत म्हणाला. "टिच्‌ला आम्ही सगळेच उडतो, लेका. पण रिकाम्या हातानं उतरलास, तर पुढच्या वर्षी खाट जावयाची."

एप्रिलात पाच जण डोंगर चढले. हेमी आणि आर्ची यांनी बायकांच्या विनवण्या करून रायफली मागून आणल्या होत्या, आणि आखूड दस्त्यांभोवती ते खेकड्यासारखे वाकून नेम धरत होते. दोघांनाही हरीण मिळालं. डूगलला मात्र जीननं साफ सांगितलं होतं, "भेट दिलेली वस्तू परत मागतात का?" त्यामुळे तो मॅग्नम घेऊन आला होता आणि डोंगराला मारत होता. टायनीनं आपली मॅग्नम घरीच ठेवली होती. त्याच्याजवळ हंबरून नराला डिवचायला व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती. या नळीतून त्याच्याइतकं सुरेख हंबरणारा माणूस त्या खोऱ्यात नव्हता.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो आणि नोएलीन ओढ्याच्या वळणावर बीचच्या बुंध्यामागं बसले. दरीत धुकं होतं. टायनीनं नळी तोंडाला लावली आणि पोटातून हंबरला. दूरवरून उत्तर आलं. तो पुन्हा हंबरला, जरा अपमानकारक. उत्तर जवळ आलं, चिडलेलं. नोएलीननं तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. फांद्या मोडल्याचा आवाज झाला. दोघं थांबली. नुसतं हललेलं झुडूप म्हणजे हरीण नव्हे, ते मित्राचं डोकंही असू शकतं. मग धुकं फाटलं आणि मोकळ्या गवतात नर आला, अख्खा, शिंगांपासून खुरांपर्यंत, नाकपुड्यांतून वाफ सोडत.

नोएलीननं रायफल टायनीच्या हातात दिली.

"तुझी आहे," तो कुजबुजला.

"टायनी, तू मला मायलोचा डबा दिलास ना, त्याला आधीच भोकं होती."

त्याचा चेहरा कानापर्यंत तापला.

"आणि मधोमध होती," ती म्हणाली. "घे. डोळे उघडे ठेव."

टायनी दुमडला. कोपर पोटात, मान वाकडी, गुडघा कुठल्या कुठं. दुर्बिणीत त्याला ओलं गवत दिसलं, खांद्यामागची ती जागा दिसली, तिथल्या केसांवर बसलेलं दव दिसलं. त्यानं चाप ओढला. फट्. मांजर घासून गेलं. नर दोन पावलं पुढं आला, जणू काही विसरलेलं त्याला आठवलं, आणि गुडघे टेकून गवतात आडवा झाला.

"दिसलं," टायनी म्हणाला. "नोएलीन, मला सगळं दिसलं!" त्यानं रायफल उघडून रिकामी केली, बुंध्याला टेकवली, आणि मग त्याला टॉफी जवळ नाही हे आठवलं. म्हणून त्यानं नोएलीनचे दोन्ही हात धरले आणि ती दोघं व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीभोवती नाचली.

दुपारी झोपडीत भांडी डूगल घासत होता. त्याला तवा कसा घासायचा हेही येत नव्हतं.

"राखेनं घास," टायनीनं चौथ्या खाटेवरून सांगितलं. पाय त्याच्या पेटीवर होते. शेजारी उरलेल्या जागेत नोएलीन बसली होती आणि तिनं भिंतीला पाठ टेकताच फळी करकरली.

"एका खाटेवर दोघं, असा नियम नाही," डूगल तव्यामागून म्हणाला.

"मग करा," नोएलीन म्हणाली.

डूगलनं थोडा वेळ तवा घासला. "पुढच्या वर्षी मी जीनला घेऊन आलो," त्यानं मान वर न करता विचारलं, "तर रायफल ती मला एक दिवस तरी देईल का?"

"भांडी कशी घासतोस, त्यावर आहे," नोएलीन म्हणाली.

डूगलनं चुलीतली राख मूठभर घेतली आणि बाह्या वर सारल्या.